चोवीस ताठ टॉवेल

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. हात ओले आहेत म्हणून कोपरांनी केला आहे, तरी पूर्ण समजून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? दादाची कशी आहे ते विचारत नाही, कारण त्याचा फोन रोज येतो. तो आधी स्वतःच्या पोटाचं सांगतो, मग दुकानाचं विचारतो, आणि तुमच्याबद्दल विचारलं की "ती ना? ती मजेत आहे" एवढं बोलून फोन ठेवून देतो. (लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण तुमच्याविषयी याहून जास्त माहिती त्याच्याकडून कधी कोणाला मिळालेली नाही.) म्हणून हे पत्र. नातीचा एक पापा घ्या आणि तो माझ्या नावावर टाका. इकडे दुकान चालू आहे, वस्तऱ्यांना धार आहे, खुर्चीचं कुरकुरणं थांबलं आहे. बाकी सगळं खाली लिहितो आहे ते स्वस्थपणे, पाय वर घेऊन वाचा.

दादाचा हात थरथरायला लागला, त्याने वस्तरा खाली ठेवला आणि तुम्ही दोघं लेकीकडे राहायला निघालात, त्या सकाळी तुम्ही मला गच्चीवर बोलावलंत. "भाऊजी, टॉवेलांचं एकदा नीट बघून घ्या," म्हणालात. मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं की त्यात बघायचं काय, मशीन धुतं, ऊन वाळवतं, आपण फक्त घडी घालायची. तुम्ही "बरं" म्हणालात. वहिनी, ते "बरं" मी चार महिने चघळतो आहे, अजून गिळलं जात नाही.

पहिल्याच आठवड्यात असं झालं की गच्चीवरच्या दोरीवरून काढलेला एक टॉवेल मी दुकानात भिंतीला टेकवून ठेवला आणि चहा घ्यायला गेलो. परत आलो तर तो तसाच उभा. उजेड कमी होता, मला वाटलं कोणी गिऱ्हाईक ताटकळलंय, मी त्याला "बसा" म्हणालो. (तो बसला नाही. बसण्याइतकी लवचिकता त्याच्यात उरली नव्हती.) चोवीसच्या चोवीस टॉवेलांची हीच तऱ्हा. पोस्टातले साहेब म्हणाले, आधी टॉवेलच फिरव, काही राहिलं तर वस्तरा घे. मीही हसलो, कारण गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हे दाढीच्या दरातच धरलेलं असतं. मग एक नवरामुलगा लग्नाच्या सकाळी दाढीला आला. मी इतकी नाजूक दाढी केली की साबणालाही कळलं नसेल, आणि शेवटी टॉवेलाने मान पुसली. झालं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो लाजून गळ्यापर्यंत लाल झालेला दिसतो. पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं म्हणतात, पण तो स्वतः पुन्हा आला नाही.

हेही मी सहन केलं असतं. पण मग हेडमास्तर गेले. (वर नाही. समोर.) एकतीस वर्षं दर शनिवारी सकाळी आपल्या खुर्चीत बसलेला माणूस! दादाचा पहिला वस्तरा ज्या गालावर चालला तो गाल! त्या शनिवारी त्यांनी तोंड पुसलं, टॉवेल फळीवर ठेवला, तर टक् असा आवाज झाला. त्यांनी टॉवेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या वहिनी गेल्या वाटतं." एवढंच. पुढच्या शनिवारी बघतो तर ते समोरच्या चकाचकच्या खुर्चीत. (चकाचक हे नाव मी ठेवलं आहे. त्याच्या दुकानात इतके आरसे आहेत की एक गिऱ्हाईक आलं तरी गर्दी दिसते. शिवाय कपडे वाळवायचं मशीन आहे, त्यातून टॉवेल मांजरासारखे गरम नि मऊ बाहेर येतात.) मला पाहून हेडमास्तरांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. पण दाढी करून घेताना माणूस वर्तमानपत्र धरणार तरी किती वेळ?

त्या दिवशी मी ठरवलं. वाळवायचं मशीन आणायचं नाही. एक तर ते आपल्या जिन्यात मावत नाही, आणि दुसरं म्हणजे दादाचं दुकान दोरीवर वाळलेल्या टॉवेलांवर उभं राहिलं आहे. दोरीवरचाच टॉवेल मऊ करून दाखवीन, नाहीतर कात्री खाली ठेवीन. असं मी आरशासमोर मोठ्याने म्हणालो. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं, कारण कात्री त्याच्या कानापाशी होती.

आधी मी पावडर वाढवली. विचार असा की साबणाने माणूस मऊ होतो तर टॉवेल का होणार नाही? मोरीतून फेस जिन्यात आला, जिन्यातून दुकानात आला, आणि टॉवेल वाळले ते पूर्वीपेक्षा कडक. घडी घालताना मोडतील असं वाटलं. मग किराणा दुकानदाराने कपडे मऊ करायचं सुगंधी औषध दिलं. एक झाकण टाका म्हणाला, मी टॉवेल चोवीस आहेत हे लक्षात घेऊन अर्धी बाटली टाकली. टॉवेल मऊ झाले हो! लोण्यासारखे झाले. फक्त पाणी टिपेनात. गिऱ्हाइकाचं तोंड पुसलं की पाणी गालावरून कानात जायचं, कानातून कॉलरमध्ये. आणि वास असा की पोस्टातल्या साहेबांना त्यांच्या बायकोने दारातच विचारलं, कुठे होतात एवढा वेळ? त्यांनी माझं नाव सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. ती स्वतः दुकानात येऊन माझा वास घेऊन गेली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी गच्चीवर गेलो, वाळलेले टॉवेल दोरीवरच राहू दिले, बाह्या सरसावल्या आणि दांडक्याने त्यांना बडवायला लागलो. बडवताना माणसाच्या तोंडून शब्द निघतात. माझ्याही निघाले. "अजून ताठ राहतोस? घेतलंय ना घरात? मग नीट वाग!" असं काहीबाही. आठव्या टॉवेलाला गच्चीचं दार धाडकन उघडलं आणि खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई हातात कापड कापायची मोठी कात्री घेऊन धावत आल्या.

"सोडा त्या पोराला!" त्या ओरडल्या.

"कोणाला?"

त्यांनी गच्चीभर पाहिलं. दोरीखाली वाकून पाहिलं. टाकीच्या मागेही पाहून आल्या. मग माझ्या हातातल्या दांडक्याकडे, मग टॉवेलाकडे. कात्री खाली घेत म्हणाल्या, "अहो, हे वाळल्यावर नाही मारायचं. वाळायच्या आधी झटकायचं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला? अकरा वर्षं तुमच्या वहिनींचं पाणी माझ्या खिडकीवर उडतंय. त्या एकेक टॉवेल वीस वीस वेळा झटकायच्या. घड्याळ लावायची गरज नव्हती, त्या आवाजानेच मी उठायचे."

वहिनी, तो आवाज मीही अकरा वर्षं ऐकला आहे. पांघरुणात असताना. मला वाटायचं कबुतरं उडताहेत.

मग बाईंनी मला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. पावडर निम्मी टाकायची. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं, दुसऱ्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर, म्हणजे साबणाचा अंश राहत नाही. (वास राहील का, विचारलं. वाळला की जातो म्हणाल्या, आणि खरंच जातो.) भर उन्हात नाही, जिथे वारा असेल तिथे टांगायचं, आणि दोन टॉवेलांमध्ये हातभर जागा सोडायची. अगदी खडखडीत वाळू द्यायचा नाही. थोडी ओल असतानाच एकदा उतरवून परत झटकायचा, हातांनी चोळायचा, मग पुन्हा टांगायचा. हे सगळं त्यांनी खिडकीतून बघून शिकलेलं. आणि मी त्याच घरात राहून, त्याच टॉवेलांवर पोट भरून, एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून उजाडताच मी गच्चीवर. चोवीस टॉवेल, वीस वीस झटके. तिसऱ्या दिवशी माझा उजवा हात छातीच्या वर जाईना. गिऱ्हाइकांना खुर्चीत खाली घसरून बसायला सांगावं लागलं. पोस्टातले साहेब इतके घसरले की त्यांचे गुडघे आरशाला लागले. संध्याकाळी खांद्याला गरम कापड बांधून बसलो, आणि तुम्ही असंच कापड बांधून बसायचात ते डोळ्यांसमोर आलं. मी म्हणायचो, "वहिनींचा खांदा संपावर गेला." दादा हसायचा, तुम्हीही हसायचात, आणि सकाळी परत वर जायचात. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. वय कसलं, चाळिशीत होतात तुम्ही. वहिनी, तो विनोद मी मागे घेतो. जितक्या वेळा केला तितक्या वेळा मागे घेतो. याच्यावर काही लिहू नका, पत्र मिळालं एवढं कळवा.

हात दुखला म्हणून मी थांबलो नाही. डाव्याने झटकले. दोन्हीने झटकले. पंधराव्या दिवशी टॉवेल गालाला लावला, तर तो गालावर पडून राहिला, टोचला नाही. शनिवारी सकाळी सगळ्यात बरा टॉवेल काखेत घेऊन मी चौकात उभा राहिलो. हेडमास्तर आले. मला पाहून त्यांनी रस्ता ओलांडला, मीही ओलांडला. त्यांनी परत ओलांडला, मीही. शेवटी भर रस्त्यात त्यांना गाठून म्हणालो, सर, नुसता गाल लावून बघा. त्यांनी चष्मा काढला, टॉवेल गालाला लावला, आणि तसेच उभे राहिले. मागे दोन सायकली आणि एक दुधाची गाडी थांबली. दुधाच्या गाडीने भोंगा वाजवला, तेव्हा ते भानावर आले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी योग्य ते उत्तर दिलं. ते आपल्या दुकानात आले, खुर्चीत बसले, आणि दाढी निम्मी झाली असताना झोपले. मी वस्तरा हवेत धरून दहा मिनिटं उभा होतो. जाताना म्हणाले, "दहापैकी नऊ. अक्षर तेच आहे, पण थोडी घाई दिसते." चकाचक दारात येऊन बघत होता.

तर असं आहे. आता टॉवेलांच्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही. तुम्ही काळजी करू नका, दुकान तुमच्या मागे जसंच्या तसं आहे. दादाच्या पोटाला आराम पडो. लहानांना आशीर्वाद, मोठ्या तुम्हीच, म्हणून उरलेला सगळा नमस्कार तुम्हाला.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : हेडमास्तरांचा प्रश्न वर लिहायचा राहिला. ते म्हणाले, "वहिनी परत आल्या वाटतं?" आणि मी "हो" म्हणालो. दुधाची गाडी भोंगा वाजवत होती, सविस्तर सांगायला वेळ नव्हता. त्याला चार शनिवार झाले. ते दर वेळी तुमची चौकशी करतात. एकदा तुम्हाला सर्दी झाली, एकदा तुम्ही बाजारात गेलात, दोनदा तुम्ही आंघोळीला होतात. दुसऱ्या आंघोळीला त्यांनी घड्याळ पाहिलं. आता येत्या शनिवारी ते पत्नीला घेऊन गच्चीवर येणार आहेत, त्यांना तुमच्याकडून टॉवेल शिकायचे आहेत. तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निघून यावं. तिकीट सोबत जोडलं आहे.

ता. क. २ : शिलाईवाल्या बाईंनी खोटं बोलायला साफ नकार दिला आहे. पण तुमची खोली झाडून ठेवली आहे. दादाला आणलंत तरी चालेल, फक्त तो विचारल्यावर खरं सांगतो, म्हणून शनिवारी त्याला चकाचककडे दाढीला पाठवू.

ता. क. ३ : तुम्ही टॉवेलाला हात लावायचा नाही. झटकणार मी. तुम्ही फक्त दोरीजवळ खुर्ची टाकून बसा, आणि मी कुठे चुकतो ते बघा. मात्र चूक हेडमास्तर गेल्यावर सांगा. तो एक गुण कुठे गेला ते मलाही कळायला हवं.