उघड्या हातांनी

२ फेब्रुवारी

दहा माणसं बरी झाली आणि त्यापायी एकाचं वाटोळं झालं, तर त्या औषधाला चांगलं म्हणायचं का? मुलाखतीत सरांनी हे विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की मला माहीत नाही. आजही माहीत नाही. सर हसले आणि म्हणाले, ज्यांना लगेच उत्तर येतं त्यांना मी घेत नाही. आणि घेतलं की मला!

आज पहिला दिवस. संशोधन केंद्र म्हणजे भव्य काही नाही, रुग्णालयाच्या मागच्या अंगाला चार खोल्या. एक सरांची, एक तपासणीची, एक औषधांची आणि एक माझी, म्हणजे टेबल माझं, बाकी खोली फायलींची. राहायला वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे. खिडकीतून गाड्या उभ्या करायचं पटांगण दिसतं. पांढरा कोट मिळाला, बाह्या दोन बोटं लांब आहेत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घालून फोटो पाठव, पण आधी केस विंचर, नाहीतर डॉक्टरीण राहील बाजूला आणि पेशंट दिसशील. मी डॉक्टर नाही, नुसती पदवीधर आहे, हे तिला शंभरदा सांगून झालंय. आमच्या घरात पदवी ही पहिलीच, त्यामुळे तिच्या लेखी सगळं एकच. कोट आहे ना, मग झालं.

खरं तर हे सगळं तिच्यासाठीच. वीस वर्षं तिला सोरायसिस आहे. तळहातांवर, कोपरांवर, पाठीवर लाल चट्टे, त्यांवर चांदीसारखे खवले, थंडीत भेगा पडून रक्त. शिवणकामाच्या कारखान्यात बोटांना चिंध्या गुंडाळून ती मशीन चालवायची, त्यावर मी शिकले. सर म्हणाले आहेत, पहिली तुकडी पार पडली की दुसरीत तिचं नाव घालू. तिला अजून सांगितलेलं नाही. तोंडात तीळ भिजत नाही तिच्या, साऱ्या गल्लीला पत्ता लागेल.

६ फेब्रुवारी

कामाची रीत आता अंगवळणी पडते आहे. प्रत्येक रुग्णाच्या उजव्या कोपराला एका नळीतलं मलम लावायचं, डाव्याला दुसऱ्या नळीतलं. एकात औषध, दुसऱ्यात नुसतंच मलम. कशात काय आहे ते ना त्यांना ठाऊक, ना मला. रुग्ण दोन भागांत वाटले आहेत, अर्धे माझ्याकडे, अर्धे सिस्टरांकडे. सिस्टर तीस वर्षं नोकरीत आहेत. जिभेला धार आहे, पण माझ्या डब्यात रोज काहीतरी टाकतात.

माझ्याकडचे दोघे विशेष आवडले. एक निवृत्त मास्तर. आले की आधी माझी हजेरी घेतात. दुसऱ्या, लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाई, हसऱ्या, पण नवऱ्याचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतात.

आज मास्तरांना मलम लावत होते. ते म्हणाले, चार वर्षांत मला रबराशिवाय कुणी हात लावलेला नाही. न्हावीसुद्धा लांबून कात्री चालवतो, झाड छाटल्यासारखी. विनोद म्हणून सांगितलं त्यांनी, पण हसलं कुणीच नाही. मला आई आठवली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि ती मला म्हणायची, बघ, ऐसपैस बसायला मिळालं.

हा रोग हात लावून पसरत नाही हे पुस्तकात छापलेलं आहे. मग ते नुसतं छापून काय उपयोग? मी हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी मलम चोळलं. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

नंतर सिस्टरांनी खरडपट्टी काढली. नियम हे शहाण्यांसाठी नसतात, असतात ते भोळ्यांसाठीच, म्हणाल्या. मी मान हलवली. पण उद्याही काढणार. माझ्या सगळ्याच रुग्णांसाठी.

२७ फेब्रुवारी

काय सांगू! मास्तरांचं उजवं कोपर साफ झालं. इस्त्रीवाल्या बाईंचंही. माझ्याकडच्या एकूण एक रुग्णाचं उजवं कोपर, लहान मुलाच्या गालासारखं. सर तीनदा भिंग घेऊन आले. त्यांनी इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही म्हणे. सिस्टरांच्या रुग्णांना मात्र अजून काहीच गुण नाही. त्यावरून त्या दिवसभर घुश्शात होत्या.

फोटो काढताना एक गंमत दिसली. मास्तरांच्या नव्या कातडीवर तीन तीळ आहेत, एका ओळीत, आणि खाली चंद्रकोरीसारखा डाग. हुबेहूब माझ्या कोपरावर आहे तसा. माझा डाग लहानपणी स्टोव्ह लागला त्याचा. सिस्टर म्हणाल्या, जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि म्हातारपणी मास्तरांनी तुझी कॉपी मारली. सगळे पोट धरून हसलो.

३ मार्च

इस्त्रीवाल्या बाईंच्या कोपरावरही तीन तीळ आहेत. आणि डाग.

सगळ्यांच्या.

भाजल्याचा डाग कातडीबरोबर उगवतो कसा? सरांना दाखवलं. ते म्हणाले, रंगद्रव्याचा खेळ असेल, नोंद करून ठेव. त्यांना घाई होती, बाहेरून पाहुणे डॉक्टर यायचे होते.

५ मार्च

आज नव्या कातडीला स्पर्श कळतो का ते तपासायचं होतं. रुग्णाने डोळे मिटायचे, मी कापसाचा बोळा फिरवायचा, कळलं की त्याने हो म्हणायचं. मास्तर डोळे मिटून बसले. मी बोळा फिरवला. ते गप्प. पुन्हा फिरवला. तेवढ्यात माझ्या कोपरावर मुंगी चालल्यासारखं झालं म्हणून मी बाही वर केली. मुंगी नव्हती.

मी त्यांच्या कोपरावर बोळा गोल फिरवला. माझ्या कोपरावर गोल फिरला.

मास्तरांनी विचारलं, सुरू कधी करणार?

६ मार्च

मला काल झोप मिळाली नव्हती, असं आधी स्वतःला समजावलं. मग आज सगळ्यांना तपासलं. एकालाही नव्या कातडीत स्पर्श कळत नाही. प्रत्येकाचा मला कळतो.

उद्यापासून हातमोजे घालणार.

११ मार्च

हातमोज्यांनी काही थांबलं नाही. जे झालं ते झालंच आहे. दिवसभर माझं कोपर कुठे कुठे टेकतं. टेबलावर, उशीत, बसच्या दांडीवर. मी उभी असते आणि कोपर कुणाच्या तरी मांडीवर असतं.

दुपारी जेवताना उजव्या हाताला असा चटका बसला की मी किंचाळले. ताट उलटलं. हात पाहिला तर साधा लाल ठिपकाही नाही.

१२ मार्च

इस्त्रीवाल्या बाई आल्या. कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा काळा त्रिकोण. त्या हसत सांगत होत्या की कळलंच नाही हो, वास आला तेव्हा बघितलं, बरं झालं की, आता भाजलं तरी दुखायचं काम नाही. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, आणि घरीसुद्धा. तो हात पिरगाळतो तो हाच. आता पिरगाळ म्हणावं किती पिरगाळायचा तो.

मला ते काल रात्री कळलं होतं. पलंगाची कड धरून मी—

बाईंना म्हटलं, पोलिसांत जाऊ, मी येते बरोबर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या सुखात माती कालवते आहे. दुखत नाही तर तक्रार कशाची करू, म्हणाल्या.

१४ मार्च

सरांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाले, तू रुग्णांत फार गुंततेस, आठ दिवस सुट्टी घे. बधिरपणाची नोंद होईल, पण खाजेने रात्र रात्र तळमळणाऱ्याला विचार, तो आनंदाने बधिर होईल.

आई झाली असती आनंदाने बधिर.

१९ मार्च

सिस्टरांच्या रुग्णांना कळलं आहे. औषध तेच, नळ्या त्याच, गुण मात्र माझ्या हाताला. सकाळी ओळ माझ्या दाराशी. सिस्टर ओरडून थकल्या. एक बसवाहक माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, ताई, माझ्याकडून तिकीट घेताना लोक चिमटीत धरतात हो. मोजे काढा.

मी नाही म्हटलं. ते गेले नाहीत. भिंतीला टेकून रडत राहिले, माझ्या बाबांच्या वयाचा माणूस.

काढले मोजे.

त्यांचं केलं मग बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

२३ मार्च

गुण यायला आता तीन आठवडे लागत नाहीत. एका दिवसात चट्टे उतरतात.

पेन हातात आहे हे बघितल्यावर कळतं. माझं म्हणून जे काही कळायचं ते या गर्दीत मागे पडलं आहे. जिना उतरताना कठडा धरला की सुटला, समजलं नाही. पडले.

२५ मार्च

सकाळी एक कोपर गार पडलं. बाकी सगळी ऊबदार, एकच गार, आतून गार.

सिस्टर डोळे पुसत आल्या. मास्तर झोपेत गेले.

२६ मार्च

पेटलं. ते कोपर. भर दुपारी, सरांशी बोलताना. मी जमिनीवर. सर माझा हात धरून म्हणत होते, काही नाही, काही झालेलं नाही. त्यांना दिसत नव्हतं. कसं दिसणार— मास्तरांना तिकडे—

२८ मार्च

वाटलं होतं राख झाली की सुटेन.

राख उघड्यावर आहे कुठेतरी. वारा सुटला की मी—

३१ मार्च

आई आली. सिस्टरांनी बोलावून घेतलं. मला बघून पिशवी हातातून गळाली तिच्या. मग लगेच सावरून म्हणाली, काय गं, इथे जेवायला घालतात की नुसती हजेरी लावतात?

तिला सगळं सांगितलं. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली की खोटं बोलायची अक्कल तुला कधी नव्हतीच. तिचा विश्वास आहे. जगात एकटीचा.

तिला दुसऱ्या तुकडीचंही सांगितलं. तर म्हणाली, माझी खाज तुझ्या अंगावर? मेले तरी नको. उद्या सामान बांध, घरी जायचं. घरी गेल्याने काय होणार ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही.

१ एप्रिल

गाडी उद्या रात्रीची मिळाली. आई रात्रभर दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. मी झोपले आहे असं समजून. तळहात फुटलेत. माझे केस विंचरायला घेतले तर फणीवर रक्त. फणी पदरात लपवली तिने.

बाहेर ओळीतल्या किती जणांचं— सगळ्यांचं केलं. परक्यांचं केलं मी.

वारा आहे आज.

२ एप्रिल

लावून झालं.

पहाटे ती शेवटी झोपली तेव्हा. पाठीला, दोन्ही तळहातांना. उघड्या हातांनी. जागी असती तर लावू दिलं नसतं, म्हणून झोपेत. ती नको म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं. तरी लावलं.

दुपार. ती अजून झोपली आहे. वीस वर्षांत इतकी झोपली नाही. घोरते आहे. तळहात कोवळे, गुलाबी. रेषा माझ्या आहेत.

तिच्या पाठीखालची चादर मला लागते आहे. मऊ आहे. हे एक चांगलं झालं. हे एक तरी—

उठली. हात बघितले. पाठीला हात लावून बघितला. रागावली असती तर— नुसती बघत राहिली माझ्याकडे.

जवळ आली. माझ्या कपाळावर तळहात ठेवला. विचारते आहे, ताप आहे का गं तुला, मला समजेना.

तिला समजत नाही. मला तिच्या तळहाताखाली कपाळ लागतंय, तापलेलं, घामेजलेलं, कुणा आजारी मुलीचं असावं असं. पण माझ्या कपाळावर तिचा हात— आई, जरा दाबून धर, मला तुझा हात कुठेच—