ताराकाकूंच्या रुपयावरच्या रेघा

रविवार, ८ जून, संध्याकाळ

आज मी खोटं बोलले. तेही ताराकाकूंशी.

नाण्यांचे फोटो काढायला स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप घ्यायचा होता. दोन पसंत केले होते. एकाचा स्टँड दणकट होता, दुसऱ्यावर 'हजार पट' लिहिलं होतं. मी आकड्याला भुलले. आल्यावर कळलं, एवढ्या जवळून अख्खं नाणं मावतच नाही, आणि टेबलाला हात लागला तरी चित्र हलतं. वीस वर्षं नाणी जमवतेय, आणि ही अक्कल!

पण लाज त्याची नाही. तळवलीच्या ताराकाकूंनी आपल्या आईच्या माळेतला राणीछाप चांदीचा रुपया विश्वासाने फोटोसाठी दिला होता. फोटो उजळ यावा म्हणून मी तो भांड्यांच्या पावडरीने घासला. जुनं नाणं कधी घासू नये, हे मीच सगळ्यांना सांगत असते. मग का घासला? स्क्रीनवर पाहिलं तर राणीच्या गालावर नुसत्या रेघा. ताज्या. माझ्या.

काकू आल्या, स्क्रीनजवळ वाकल्या. "ह्या रेघा कसल्या गो?"

"जुनं आहे ना काकू, वापरून झिजलंय," मी म्हणाले.

त्यांनी त्या रेघांवरून हळूच बोट फिरवलं. "आयच्या हाताच्या आसतील. मिठागरान काम करायची ती, हात खरबरीत व्हते." मग डोळे पुसत म्हणाल्या, "मना हाच फोटू मोठा करून दे. घरान लावीन."

मी हो म्हणाले.