उकळू नका

सेंट एलिझाबेथ, जमैका
सोमवार

ती. मिस आयोना,

तुम्ही गाडीवाल्याबरोबर पाठवलेले चार नीरफणस आणि आल्याची पिशवी पोचली. भाडं चारशे डॉलर मी दिलं.

त्याच गाडीने ह्यांनी तुम्हाला सांधेदुखीच्या चहासाठी गांजाचा पाला पाठवलाय. हात जोडते, तो उकळू नका. आमच्या परवान्याच्या पिकात प्रयोगशाळेला कीटकनाशक सापडलं. कांदापातीवर औषध फवारलेला पंप ह्यांनी न धुता गांजावर चालवला होता. निरीक्षकबाईंसमोर पीक जाळलं, पण तुमच्या पाल्याची पिशवी ह्यांनी आधीच काढून ठेवली होती.

मी म्हटलं, "अहो, आई आहे ना तुमची?"

"म्हणूनच तर! आई काय ओढते? उकळून पिते. उकळल्यावर विष मरतं."

"मरतात ते जंतू. विष म्हणजे काय कोंबडी वाटली तुम्हाला?"

"आल्या मोठ्या निरीक्षकबाई!" म्हणाले आणि हसत शेतावर गेले.

वादळापासून तुमचा फोन बंद. पत्र टाकायला हेच जातात, आणि वाचल्याशिवाय टाकत नाहीत. मी प्रार्थनेला बसले तरी डोळ्यांपुढे तुमची किटलीच येते. म्हणून हे पत्र बायबलात ठेवते आणि पहाटेच्या गाडीने मीच निघते. देवा, मी दार वाजवीन तेव्हा त्यांच्या चुलीवर काही नसू दे.

तुमची सून,
डेलरीन