पानाखालचा आकडा

नाना, काल वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, नेटवर टाकलेलं पान नंतर पुसता येतं का?" मी म्हटलं, येतं, पासवर्ड लक्षात असला की दोन मिनिटांचं काम. उत्तर साधं होतं आणि खरं होतं. पण ते दिल्यावर पुढचा धडा निम्म्यात सोडून मी मुलींना घरी पाठवलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी आता लोकांना वेब पेज बनवायला शिकवते, त्यावरच माझं घर चालतं, आणि तरी कुणी हा एक प्रश्न विचारला की मी पुन्हा अंबरनाथच्या क्वार्टरमधली कॉलेजातली मुलगी होते आणि तुम्ही दारात उभे असता. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत. मला धाक होता तो तुम्ही घाबरलात की तुमचा चेहरा जसा व्हायचा, त्याचा.

फॅक्टरीत तुम्ही फिटर आहात एवढं आम्हाला माहीत होतं. तिथे संरक्षण खात्याचं सामान बनतं हे तर रिक्षावाल्यांनाही माहीत होतं, पण तुम्ही स्वतः काय बनवता हे इतकी वर्षं संसार करून आईला ठाऊक नव्हतं. लहानपणी मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पगार." ड्रॉइंगचा कागद पाळी संपायच्या आत सही करून परत द्यायचा, रद्द झालेला कागद एका साक्षीदारासमोर जाळायचा, गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा, ही तिथली रीत. ती तुम्ही घरापर्यंत घेऊन यायचात. बूट काढायच्या आधी दारात उभं राहून स्वतःचेच खिसे चाचपायचात, चुकून एखादी चिठ्ठी सोबत आली की काय म्हणून. फॅक्टरीची एकच गोष्ट आपल्या घरात राजरोस वावरायची, ती म्हणजे तुमचा हजेरीचा टोकन नंबर. डब्याच्या झाकणावर कोरलेला, छत्रीच्या मुठीवर रंगवलेला, सायकलच्या मडगार्डवरही. मी आकडे ओळखायला शिकले ते त्या डब्यावरून, असं आई सांगायची.

वेब पेज कसं बनवतात हे शिकवणारं आपल्याकडे तेव्हा कुणी नव्हतं. स्टेशनजवळच्या क्लासात टायपिंग शिकवायचे, त्यापुढे मास्तरांचीच गाडी अडायची. मला नेटवरच एक साइट सापडली, परदेशातली आणि फुकट. एकेक धडा, शेजारी उदाहरण, आणि खाली एक रिकामी चौकट, इथे तुम्ही करून बघा म्हणून. चुकलं तरी कुणी हसत नव्हतं, दहादा तेच विचारलं तरी कुणी कंटाळत नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी अंकलचं सायबर कॅफे होतं, कॉलेज सुटलं की मी तिथे वाकडी वाट करून जायचे. आत सगळी पडदे लावलेली केबिनं आणि त्यात पोरं. पहिल्या दिवशी मी दारातच थांबले होते. अंकलनी मला काउंटरसमोरचा बिनपडद्याचा कॉम्प्युटर दिला. "तू इधर बस बेटा, माझ्या समोर. कोणी काही बोललं तर मला सांगायचं." घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी धडे शंभर पानी वहीत उतरवून आणायचे आणि घरी पेनानेच पानं बनवायचे. आई म्हणायची, कागदावर पोहायला शिकतेय पोरगी.

एकदा जेवताना मी तुम्हाला उत्साहाने सांगते आहे, की कुठलंही पान उघडायचं, माउसचं उजवं बटण दाबायचं, की ते पान आतून कसं बांधलंय ते सगळं दिसतं. मी तशीच शिकते, लोकांची पानं आतून बघून, उतरवून घेऊन. तुमचा घास हातातच राहिला. "त्यांना विचारलंस?" मी म्हटलं, नाना, ते सगळ्यांना उघडंच असतं. "दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्या घरात शिरतेस का तू?" एवढं बोलून तुम्ही गप्प झालात, ते रविवारपर्यंत. रविवारी म्हणालात, "आण ती वही." मी जीव मुठीत धरून वही दिली. कोनाच्या कंसात एक शब्द लिहून सुरुवात करायची, आणि संपलं की तोच शब्द तिरकी रेघ मारून पुन्हा लिहायचा, एवढंच मी तुम्हाला समजावलं होतं. बाकी काही कळत नसताना तुम्ही ड्रॉइंग वाचावं तसं बोट फिरवत गेलात आणि एका पानावर थांबलात. "हे सुरू केलंयस. बंद कुठेय?" खरंच नव्हतं. त्याच चुकीपायी मी दोन दिवस सायबरमध्ये डोकं आपटत होते. तुम्ही त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण केलीत आणि वही परत दिलीत. त्या दिवशी मला वाटलं, आता नाना माझ्या बाजूचे झाले.

म्हणून तर शेवटच्या धड्याला, एक पूर्ण पान बनवा आणि फुकटच्या जागेवर जगासाठी ठेवा असं आलं, तेव्हा मी पान बनवलं ते तुमच्यावर. फॅक्टरीच्या मैदानावरच्या रस्सीखेचीत तुमचा सेक्शन जिंकला होता, तो फोटो घेतला. तुम्ही दात दिसतील असे हसलेला तेवढा एकच फोटो आपल्या घरात होता. मागे सेक्शनचं नाव लिहिलेलं कापड होतं, त्याकडे मी लक्षही दिलं नाही. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, माझे वडील अमुक सेक्शनमध्ये आहेत, अमुक वेळेला पाळीवर जातात, अमुक वेळेला येतात. काय बनवतात ते माहीत नव्हतं, म्हणून अंदाजाने लिहिलं, तोफांचे भाग बनवतात. सगळ्यात खाली एक आकडा लावला. पान कितीदा पाहिलं गेलं ते तो मोजायचा. तेव्हा सगळेच लावायचे.

मग एका रविवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर कॅम्प चारला येता. अंकल "आओ साहब" म्हणून दुसरी खुर्ची देतात. पान हळूहळू उघडतं आहे, आधी तुमचं कपाळ, मग डोळे, मग ते हसू, आणि स्वतःला बघून तुम्हीही तसेच हसायला लागता. मग मागचं कापड दिसतं. तुम्ही खालच्या ओळींवरून बोट नेता आणि बोट थांबतं. "हे तुला कुणी सांगितलं?" तुमचा आवाज इतका बारीक की मला पुन्हा विचारावं लागलं. अंदाजाने लिहिलं, मी म्हटलं. तुम्ही मागे वळून केबिनांच्या पडद्यांकडे पाहिलंत. "हे कोण कोण बघू शकतं?" मला वाटलं तुम्हाला कौतुक आहे. मी छाती फुगवून म्हटलं, "सगळं जग, नाना." "आणि हे तेवीस काय आहे?" तेवीस वेळा पान उघडलं गेलंय. ते सगळे तेवीस मीच होते, हे मी लगेच सांगितलंही, पण तुमच्या कानात काही शिरत नव्हतं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. घरी येताना रिक्षात एकच वाक्य बोललात, "उद्या पहिलं ते पूस." आणि घरी आल्यावर आईला विचारलंत, "मी झोपेत काही बोलतो का?" आई हसली. तुम्ही हसला नाहीत. माझा अंदाज बरोबर होता की चूक, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तुमची दुपारची पाळी होती. मी कॉलेजातून, सायबरला जायच्या आधी, घरी आले, आणि पाणी तापवायच्या बंबातून कागदाचा धूर येत होता. रद्द झालेला कागद साक्षीदारासमोर जाळायचा, म्हणून तुम्ही आईला शेजारी उभं केलं होतं. माझी वही, वर्षभराचे सगळे धडे, तुमची पेन्सिलीची खूणसुद्धा. मी तुमच्याकडे बघून म्हटलं, "पासवर्ड त्या वहीत होता. शेवटच्या पानावर. आता ते पान कुणालाच पुसता येणार नाही, कधीच." तुमच्या हातातला चिमटा खाली पडला.

तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. नोकरी, क्वार्टर, पेन्शन, सगळं त्या एका पानाला टांगलं गेलं, निदान तुमच्या मनात. खाली अनोळखी स्कूटर थांबली की तुम्ही बोलता बोलता थांबायचात. कुणी फोटो काढू लागलं की बाजूला सरायचात. सरकारी पाकीट आलं की ते आधी उजेडासमोर धरायचात. तुमची भीती मलाही लागली. मी ते पान पुन्हा उघडलंच नाही, कारण उघडलं की आकडा वाढणार. आणि मग फॅक्टरीतून चिठ्ठी आली, उद्या दहा वाजता सिक्युरिटी ऑफिसात हजर राहावे. त्या संध्याकाळी तुम्ही आईला क्वार्टरचे कागद कुठे आहेत ते दाखवलंत. मला जवळ बसवलंत. "कुणी विचारलं तर तू काही केलेलं नाहीस. मी करायला लावलं म्हणून केलंस. एवढंच सांगायचं, कळलं?" मी मान हलवली. सकाळी सायकलवर बसताना तुमचा पाय दोनदा पायडलवरून सटकला.

एक वाजता तुम्ही परत आलात. ओळखपत्रावरचा फोटो पुसट झाला होता, नवीन आणून द्या म्हणाले, बस. हे सांगून तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसलात. बुटाची नाडी तुम्हाला सुटेना, म्हणून मी खाली बसून सोडली. तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरी, तुझी चूक नव्हती. वही मी जाळली. नाहीतर तू दुसऱ्याच दिवशी पुसलं असतंस." मी खाली बघत म्हटलं, हो.

तुम्ही निवृत्त झालात, आपण बदलापूरला राहायला गेलो, आणि वर्षभरात तुम्ही गेलात. जलदानविधी झाल्यावर पुढच्या आठवड्यात मी कॅम्प चारला गेले. पान उघडलं. खाली आकडा होता एकशे एकतीस. शंभराहून जास्त वेळा कोण बघून गेलं होतं तुम्हाला? अंकलनी मागून डोकावून पाहिलं. "अरे बेटा, तुझे पप्पाच होते ना. हर संडे येत होते. बोलायचे, वो पेज खोलो. नंबर बघायचे, खिशातल्या कागदावर लिहायचे, कागद इथेच फाडायचे, जायचे. मी बोललो, साहब, तुम्ही बघता म्हणूनच नंबर वाढतो. ऐकत नव्हते. बोलायचे, दोन-चार माझे असतील, बाकी कौन है?"

मग मी पासवर्डच्या चौकटीत तुमचा टोकन नंबर टाकला, आणि ती जागा पहिल्याच फटक्यात उघडली. वहीत मी तो लिहून ठेवला होता तो फक्त धड्यात तसं सांगितलं होतं म्हणून. तो विसरणं मला शक्यच नव्हतं. बंबासमोर तुमच्याकडे बघून बोलले तेव्हाही तो मला पाठ होता, आणि जिन्यात तुमची नाडी सोडत होते तेव्हाही. आधी वहीचा राग होता. मग खोटं बोलल्याची लाज वाटू लागली, आणि मग इतका उशीर झाला की खरं सांगायचीच भीती बसली. त्या दिवशी पुसायचं बटण समोर होतं, पण वर फोटोत तुम्ही हसत होता, म्हणून तेव्हाही पुसलं नाही. पुढे ती फुकटची जागाच बंद पडली आणि पान गेलं.

हे पत्र पाठवायला पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही ते वाचाल, दारात उभं राहून खिसे चाचपाल, आणि तसल्याच बारीक आवाजात विचाराल, "म्हणजे पुसता येत होतं?"

हो नाना. येत होतं.