कंडक्टर धक्क्यावर राहिली

तीर्थरूप वन्संना, बसल्या जागेवरून आणि हेलकावे खात, मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. धक्क्यावरच्या ऑफिसात ते नऊ दिवस पडून होतं, कारण तिथल्या कारकुनाची समजूत झाली की आम्ही निघून गेलो. (आम्ही अर्धे निघून गेलो होतो हे खरं आहे, ते पुढे सांगते.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारत नाही, डाव्याबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंच आहे. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता कोपऱ्यातली धूळसुद्धा लख्ख दिसते आणि त्यामुळे कामवाल्या बाई रजेवर गेल्या, हे वाचून समाधान वाटलं. हा कागद ओलसर लागला तर मी रडत लिहिलंय असं समजू नका. इथे मीठसुद्धा ओलंच असतं. तर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. माझा भाऊ नीट जेवतो का? जेवतो. आणि माझ्या शेजारची तळमजल्यावरची खोली रिकामी झाली आहे, ती तुम्हा दोघांसाठी धरून ठेवू का, एक तारखेच्या आत कळव. या दुसऱ्याचं उत्तर द्यायलाच बसले आहे, पण मधे एक प्रकार घडला आहे आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर कळायचं नाही. थोडक्यात सांगायची सवय असती तर मी कंडक्टर न होता तारखात्यात गेले असते.

आम्ही होडी घेतली तेव्हा तीन महिन्यांत परत याल असं तुम्ही बजावलं होतंत. सहा वर्षं झाली. थंडी पडायला लागली की आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली दक्षिणेच्या उबदार खाडीत जातो, उन्हं तापली की परत वर या नदीच्या मुखाशी. लोक कौतुकानं म्हणतात, अगदी पाखरांसारखं! पाखरांना चादरी वाळत घालाव्या लागत नाहीत. होडी तुमच्या स्वयंपाकघराएवढी आहे, फक्त तुमचं स्वयंपाकघर दुपारी दोन वाजता एका कुशीवर कलंडत नाही. पलंगाखाली बटाटे, बटाट्यांखाली पाण्याची टाकी आणि टाकीखाली समुद्र. बटाटा हवा असेल तर आधी तुमच्या भावाला उठवावं लागतं. आत एका वेळी एकाच माणसाला सरळ उभं राहता येतं, म्हणून भांडण बसून करावं लागतं, आणि बसून केलेलं भांडण काही रंगत नाही. रुसून जायचं तर होडीच्या पुढच्या टोकापर्यंत अकरा पावलं. पण मी तिथे जाऊन बसले की ह्यांना समोरचं दिसत नाही, त्यामुळे पाच मिनिटांत समजूत काढायला येतात. (घरी असताना दोन दोन दिवस येत नसत.)

हे होडीला अजून गाडीच म्हणतात. बत्तीस वर्षं शहर बस चालवली, त्यातली सत्तावीस वर्षं मागच्या दाराशी मी, अकरा नंबरचा रूट. सवय जाते कुठे? डेपोतल्या भंगारातून बसचं भलंमोठं स्टेअरिंग मिळवून ते होडीला बसवून घेतलंय. लाट आली की म्हणतात रस्ता खराब आहे. कुणी होडी आडवी घातली की ह्याला लायसन कुणी दिलं. इंजिनच्या आवाजात ह्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही (इंजिन बंद असतानाही येत नाही, पण तो विषय वेगळा), म्हणून ह्यांनी मागच्या बाजूला एक पितळी घंटा टांगली. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. तीन टोले म्हणजे बसमध्ये गाडी भरली असा अर्थ होता, इथे चहा झाला असा आहे. पहिल्याच आठवड्यात मी एक टोला दिला, ह्यांनी पाय दाबला, आणि होडीला ब्रेक नसतो हे आम्हाला दोघांना एकदमच आठवलं. समोरच्या लाकडी धक्क्याचा एक खांब तेव्हापासून जरा तिरका आहे. बाकी मात्र पद्धत उत्तम चालली. आरसा लावून घ्या असं सगळ्यांनी सांगितलं, पण हे ऐकतात कुठले! दोन टोले पडल्यावर ड्रायव्हरनं मागे बघायचं नसतं, मागचं बघायला कंडक्टर असतो, हे ह्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्याच्या एका सोमवारी सकाळी आमच्या नेहमीच्या धक्क्यावरचा नळ बंद होता, म्हणून पाणी भरायला आम्ही पलीकडे मासळीच्या धक्क्याला होडी लावली. तिथे आम्ही पूर्वी कधी गेलो नव्हतो. पाणी भरलं, मी चटकन बटाटे घेऊन आले, ह्यांनी इंजिन चालू केलं. मी पुढचा दोर सोडला, मागचा सोडला, एका हातात दोर, दुसऱ्या हातात तीन किलो बटाटे, आणि आता पाय उचलून होडीत टाकणार एवढ्यात माझ्या पाठीमागे ठणठण असे दोन टोले पडले. त्या धक्क्यावर मासळीचा लिलाव सुरू करताना दोन टोले देतात, वन्सं! तुमच्या भावानं बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. गाडी काढली. माझ्या हातातला दोर सरसर निघून गेला आणि मी बटाट्यांसकट जमिनीवर.

मी ओरडले. आयुष्यभर 'पुढे सरका' म्हणून ओरडलेला गळा आहे हा, लिलावातली दीडशे माणसं गप्प झाली, पण ज्यांनी ऐकायला हवं त्यांची पाठ ताठ ती ताठच. लिलाववाल्यानं मान वळवून विचारलं, "बाई, तुम्ही विकायला आलात की विकत घ्यायला?" सगळे हसले. मीही हसले असते, पण होडी तोवर काड्यापेटीएवढी झाली होती. माझा फोन होडीत, पलंगावर. ह्यांचा नंबर पाठ नाही (पूर्वी साऱ्या डेपोचे नंबर पाठ होते). शेवटी आमच्या शेजारच्या होडीत राहतात त्या रिटायर झालेल्या दातांच्या डॉक्टरांकडे पळत गेले. त्यांच्याकडे ह्यांचा नंबर निघाला, पण लावावा तेव्हा फोन बिझी. समुद्रात एकटा माणूस कुणाशी बोलतोय हे मला कळेना. डॉक्टर म्हणाले, माझ्या मोटारबोटीनं गाठू, दहा मिनिटं थांबा, एक दाढ अर्धी बाहेर आली आहे. ती दाढ एका कोळ्याची होती. ती पूर्ण बाहेर आल्यावर आम्ही निघालो, आणि कापसाचा बोळा धरून तो कोळीही बरोबर आला, कारण पुढचा भाग त्याला चुकवायचा नव्हता.

सव्वा तासानं गाठलं. हे स्टेअरिंगवर ताठ बसून मजेत चालले होते आणि, वन्सं, बोलत होते. घरी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, समोर नजर ठेवून, मागच्या रिकाम्या होडीशी घडाघडा बोलत होता. आमची बोट बाजूला आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मग मी इतका वेळ बोलत कुणाशी होतो?" कोळ्याच्या तोंडातला कापूस समुद्रात पडला.

मी इतकी संतापले होते की पहिलं वाक्य तोंडातून गेलं ते, विका एकदाची ही होडी! ह्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, अगं, तेच तर ठरलं ना आपलं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. ह्यांनी म्हणे मला (म्हणजे मागच्या घंटेला) सांगितलं होतं की तू दमली आहेस, तुझी पाठ दुखते, दारात रोज डोकं आपटतं, कुठे आणून ठेवलंय मला असं तू सहा वर्षं रोज म्हणतेस. ताईनं पूर्वी एकदा खोलीचं काढलं होतं, तिकडे जाऊ या. तुला चालणार नसेल तर आत्ता बोल. आणि मग दहा मिनिटं वाट पाहिली. मी एका शब्दानं बोलले नाही. संसारात पहिल्यांदाच बायकोला आपलं म्हणणं पटलं म्हणून ह्यांना इतकं भरून आलं की तिथूनच बंदराच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना फोन लावला. मास्तर दोन वर्षं होडी मागत होते. ह्यांनी शब्द देऊन टाकला. फोन बिझी लागत होता तो असा.

आता सांगा, मी काय बोलणार? सहा वर्षं रोज कुरकुर केली ती मी, आणि दोन साक्षीदारांसमोर (कोळी धरून) विका म्हटलं तेही मी. त्या दिवसापासून हे इस्त्रीचा शर्ट घालून रोज पितळेला पॉलिश करतात, आणि ह्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गाणं गुणगुणत सामान बांधते.

खरं सांगू? मला जायचं नाही. सत्तावीस वर्षं मी अकरा नंबरच्या रस्त्यावरून गेले, पण रस्ता पाहिला तो ह्यांनी. माझं तोंड माणसांकडे, सुट्ट्या पैशांकडे. रूटवर एक तळं होतं हे मला रिटायर झाल्यावर कळलं. इथे सकाळी चहा घेऊन मी सगळ्यात पुढे बसते आणि जे काही यायचं ते आधी मला दिसतं. हे मागून विचारतात, आज कुठे? बत्तीस वर्षं ज्याला कुठे जायचं ते पाटीवर लिहून मिळत होतं तो माणूस मला विचारतो, आज कुठे. मला ते फार आवडतं. कुरकुर केली ती पाठ दुखते म्हणून, आणि कुरकुर केली की हे पाठ चोळून देतात म्हणून. ह्यांना कसं सांगू? आता बोलायला गेले तर म्हणतील, तेव्हा का गप्प बसलीस. मी तिथे नव्हते, हे उत्तर ऐकून ह्यांना पुन्हा शरमल्यासारखं होतं. ज्यानं एक प्रवासी कधी मागे ठेवला नाही त्यानं बायको ठेवली, हे ह्यांना रात्रंदिवस टोचतंय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, होय. खोली धरून ठेवा. एक तारखेला येतो. प्रकृतीला जपा, दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? समोर भिंत आहे की काही दिसतं? सहज विचारते.

आणखी एक ता. क. खिडकीचं जाऊ द्या. खरं काम हे आहे. तुमच्या भावानं आजवर शब्द मोडला असेल तर तो फक्त तुमचा. तुम्ही म्हणालात कारकून हो, हे ड्रायव्हर झाले. तुम्ही म्हणालात त्या कंडक्टर मुलीशी लग्न करायचं नाही. (माझ्या मनात काही नाही.) तुम्ही म्हणालात होडी घ्यायची नाही. तर वन्सं, पदर पसरून मागते, शाळेत तुमचा होता त्या हेडबाईंच्या आवाजात ह्यांना एक खरमरीत पत्र लिहा. हे काय वय आहे का, लाज वाटत नाही का, ताबडतोब होडी विकून घरी ये, हा माझा हुकूम आहे. असं दोन पानं. मी सांगितलं म्हणून कळवू नका.

ताई, हे पुढचं माझं आहे. हिनं पाकीट हातात दिलं तेव्हा इतक्या वेळा सांगितलं की उघडू नका, म्हणून उघडलं. मास्तरांनी चार दिवसांपूर्वीच शब्द परत केला. ही धुणं घेऊन गेली होती तेव्हा ते बायकोला होडी दाखवायला घेऊन आले, तिनं दारात दोनदा डोकं आपटलं आणि ती नाही म्हणाली. मी हिला सांगितलं नाही, कारण ही गाणं म्हणत सामान बांधत होती. पॉलिश चालू ठेवलं, थांबलो असतो तर हिनं विचारलं असतं. खोली दुसऱ्या कुणाला दे. उत्तरेचा वारा सुटायला पंधरा दिवस आहेत, त्याच्या आत ते पत्र पाठव, आणि हात राखून लिहू नकोस. तुझं ऐकायचं नाही म्हणून होडी ठेवली, असं मला हिला सांगता येईल. हिलाच 'तुझ्यासाठी ठेवली' म्हटलं तर ही उद्यापासून कुरकुर बंद करील. गप्प बसलेल्या बायकोबरोबर मी एकदा सव्वा तास काढला आहे. पुन्हा नको.