देवाच्या दोराचा डावा पीळ

चि. कीइची यास,

ताईचा आशीर्वाद. ओसाकात थंडी पडली असेल, पायात मोजे घालत जा (पन्नाशी उलटली तरी सांगावं लागतं). इकडे सर्व क्षेम, माझी तब्येत ठणठणीत. अक्षराकडे बघू नकोस, पेन नवीन आहे.

यंदाची फजिती ऐक. देवळाच्या दारावर दरवर्षी बांधायचा पेंढ्याचा दोर वळणारे तामेकिची आजोबा वसंतात वारले, म्हणून नव्या वर्षाचा दोर माझ्या आणि शेजारच्या गेंझोच्या गळ्यात पडला. गेंझो तुला माहीतच आहे, आधी उडी मारणार, मग पाणी किती ते बघणार. दिवसभर पेंढा वळला, मधूनमधून साके झाली (देवाच्या नावानं, पण आमच्याच पोटात), शिड्या लावून दोर दारावर चढवला, देवाला वाकून रीतीच्या दोन टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात उमेनो आजी काठी टेकत आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "काय गं फुसाए, देवाच्या दारात मुळे वाळत घालणार आहेस का?"

बघते तर अख्खा दोर उजव्या पिळाचा! घरचा दोर उजवा, देवाचा डावा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जन्मभर मुळे-कांदे बांधलेले हात, ते आपल्याच वळणानं गेले. दोर उतरवला (उतरवताना जरा गडबड झाली, ते असो). गेंझोनं मग एकट्यानं डावा पीळ घालून पाहिला. हात सोडला की दोर उलगडतो.

गावच्या बैठकीत गेंझोच म्हणाला, "नायलॉनचा आणू या, कायमची कटकट मिटेल." आजी म्हणाल्या, "मग देवही नायलॉनचाच आण." महिनाअखेरपर्यंत पेंढ्याचा झाला नाही तर नायलॉनचा येणार. मला फार वाईट वाटलं रे. ओल्या पेंढ्याच्या वासाशिवाय नवं वर्ष कसलं?

तुझी,
फुसाएताई

ता.क. आजी विचारत होत्या, "तुमच्यात एक डावखुरा होता ना? देवानं वळणारा धाडला, अन् तुझ्या बापानं त्याला बडवून उजवा केला!" पेंढा भिजवून ठेवते.

आणखी एक. शिडी गेंझोनं धरली होती, निदान तो तसं म्हणतो. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. हे सगळं पत्र डाव्या हातानं लिहिलंय, कागदावर कागद फाडून. लहानपणी बाबा तुला उजव्या हातानं लिहायला बसवायचे, तेव्हा तू वहीवर डोकं ठेवून का रडायचास, ते आत्ता कळलं. ये रे.