आईचे किरण आणि दत्तोबांचे कांदे

मु. पो. निरवांगी

तीर्थरूप सुयोगदाजी यांना धाकटा मेव्हणा दादासो याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा बरा असेल, पूर्वीताईचा राग उतरला असेल आणि तुमची छोटी स्वराली आता कुशीवर वळत असेल, असं धरून चालतो. (फोनवर हे विचारता येत नाही. आमचा फोन कायम स्पीकरवर आणि आई कायम शेजारी.)

आईला थायरॉईडसाठी किरणांची गोळी दिली, तेव्हा तुम्ही बारामतीहून येऊन कॉलेजात शिकवता तसं ओसरीवर सगळं समजावलंत. अल्फा किरण कागदानंही अडतात आणि धूर झाला की भोंगा वाजवायच्या यंत्रात कामी येतात. बीटा पातळ पत्र्यापाशी थांबतात, आईच्या गळ्यातल्या गाठीचा समाचार तेच घेणार. गॅमा मात्र भिंतीतूनही जातात, म्हणून थोडे दिवस सगळ्यांनी लांब राहायचं आणि स्वरालीला तर आजीच्या मांडीवर द्यायचंच नाही. इथवर ठीक होतं. पण जाता जाता तुम्ही म्हणालात, की गॅमा दिलेल्या कांद्याला मोड येत नाहीत. दाजी, कांदा साठवणाऱ्या गावात हे बोलायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी शेजारचे दत्तोबा आईची चौकशी करायला आले, ते कांद्याच्या गोण्या घेऊनच. आईच्या खोलीला बाहेरून थप्पी लावून मोकळे झाले. मी म्हटलं, कांद्यासाठी वेगळा कारखाना असतो, तिथं कोबाल्ट लागतं, आईच्यात तेवढा जोर नाही. हे आईला झोंबलं. तिनं आतूनच फर्मावलं, गोण्या तिथंच राहतील. (वेगळी खोली, वेगळं ताट आणि चुलीपासून सुट्टी. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.) पुढं सगळ्या कांद्यांना बोट बोट मोड आले. दत्तोबा आता आईशी बोलत नाहीत, त्यांना फसवल्यासारखं वाटतंय.

बाकी गाव जागच्या जागी आहे. ताईला नमस्कार, स्वरालीला पापा.

तुमचा,
दादासो

ता. क. डॉक्टरांनी दिलेली मुदत केव्हाच संपली. आता काही धोका नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तरी व्हिडिओ कॉलवर स्वराली दिसली की आई फोनसुद्धा हातभर लांब धरते.

आणखी एक ता. क. काल तिला विचारलं, पोरीला बोलावू का? म्हणाली, "नगं. भिंतीतनं जातंय म्हणं ते. मग माज्या मांडीतनं न्हाय का जायाचं?" आणि रडली. मला फार वाईट वाटलं, दाजी. ती डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर कधीच ऐकलं नाही. तुमचं तेवढं खरं धरून बसली आहे. म्हणून रविवारी या. आता काही समजावू नका. पोरगी तिच्या मांडीवर ठेवा आणि चहाला बाहेर या.